माय समोरून, मावशी बाजूनं!

कराटेच्या क्लासला पहिल्यांदा गेलेलं मराठी मूल घाबरत नाही, फिस्सकन हसतं. कारण लाथांची नावं. सरळ पुढे मारायची लाथ म्हणजे ‘माए गेरी’ आणि कंबर वळवून बाजूनं फिरवून आणायची ती ‘मावाशी गेरी’. जपानीत माए म्हणजे पुढे, मावाशी म्हणजे गोल फिरणारी, गेरी म्हणजे लाथ. आमच्या कन्येनं पहिल्याच संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, “आई, माय समोरून लाथ मारते आणि मावशी बाजूनं येऊन!” मी हे सांगलीला धाकट्या बहिणीला फोनवर ऐकवलं. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या भाषेत मावशीची ही बदनामी तिला काही रुचली नाही.

आम्ही राहतो बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात. टिन फॅक्टरीच्या जॅमच्या पलीकडे, व्हाइटफील्डच्या अलीकडे. 2007 पर्यंत ही वेगळी नगरपालिका होती. मग शहरानं तिला पोटात घेतलं आणि आयटी कंपन्यांनी दोघांना. इथल्या माणसाच्या गळ्यात कंपनीचा पट्टा असतोच. कमरेलाही बांधायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल गाठायचा, आठवड्यातून तीन संध्याकाळी. तसा महादेवपुऱ्याला जांभळा पट्टा सगळ्यांच्या आधी मेट्रोनं बांधला. कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड ही पर्पल लाइन 25 मार्च 2023 ला सुरू झाली, आणि तिच्याही परीक्षेची तारीख आधी बरेचदा पुढे गेली होती.

मुलीला सोडायला जाता जाता मीही नाव घातलं. वय चव्वेचाळीस. पुढे जे जे कळत गेलं, त्यातलं चटकदार तेवढं इथं देते.

शी आणि गो

दुसरा हशा आकड्यांना. इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, कु, जू. चारला मास्टर ‘शी!’ म्हणून ओरडले की मागच्या रांगेतली मराठी पोरं नाक धरतात. पाचला ‘गो!’ झालं की मालवणकडचे एक पालक दचकून वर बघतात. ‘सान’ तर आपल्याच सान-थोरांतलं. गंमत म्हणजे जपानी माणूसही ‘शी’ला बिचकतो, कारण त्यांच्याकडे मरणालाही ‘शी’च म्हणतात. म्हणून हेइआन मालिकेतल्या चौथ्या काताचं, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या साखळीचं, नाव ‘हेइआन योनदान’. आकडा चारच, फक्त उच्चार बदललेला. आपण नाही का निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणत? तसंच.

आमच्या हॉलमध्ये कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळी, बंगाली, ओडिया आणि मराठी घरांतली मुलं आहेत. बेंगळुरूत भाषेवरून रोज कुठे ना कुठे ठिणगी उडते. इथं उडत नाही. जपानी कुणाचीच नाही, त्यामुळे सगळेच सारखे अडाणी.

जपानीखालोखाल चालते ती मास्टरांची कन्नड. ‘निधान’ म्हणजे हळू. मराठीतलं निधान म्हणजे ठेवा, खजिना. मी पहिले चार दिवस त्यांना कुठला खजिना हवाय ते शोधत होते. आणि रोज निदान पन्नासदा कानावर येणारं ‘इन्नोंद सल’, म्हणजे आणखी एकदा. ते ‘आणखी एकदा’ कधीच एकदा नसतं.

घरी आई, इथं सेंपाई

रांग पट्ट्याप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. मुलगी माझ्या आधी सहा महिने आली. तिचा पट्टा पिवळा, माझा पांढरा. त्यामुळे ती वरच्या अंगाला आणि मी तिच्या खाली. आपल्याआधी शिकायला लागलेला तो ‘सेंपाई’, शिकवणारा तो ‘सेन्सेई’, म्हणजे शब्दशः ‘आधी जन्मलेला’. आमच्याकडे आधी जन्मलेली मी आणि सेंपाई ती.

पट्टाही तिनंच बांधायला शिकवला. पट्ट्याचा मध्य बेंबीवर ठेवायचा, दोन्ही टोकं पाठीमागून फिरवून पुढे आणायची. वरचं टोक दोन्ही पदरांच्या खालून ओढून काढायचं, मग चपटी गाठ. शेवटी दोन्ही टोकं धरून ताणायची आणि बघायचं, लांबी सारखी आली का. माझं एक टोक नेहमी वीतभर लांब. “आई, हे साडीच्या निऱ्या नाहीत,” असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. घरी असती तर उत्तर मिळालं असतं.

परंपरा? कुठली परंपरा?

आमच्या हॉलच्या पाटीवर ‘ट्रॅडिशनल’ असा ठसठशीत शब्द आहे. मला वाटलं, हजार-बाराशे वर्षं जुनं काही असणार. खणायला घेतलं तर एकेक मजाच बाहेर आली.

पांढरा पोशाख कराटेचा नव्हेच. तो ज्यूदोकडून आला. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1880 च्या दशकात क्यू आणि दान या पायऱ्या आणि काळा पट्टा रूढ केला. कराटेनं हे सगळं उसनं घेतलं. गिचिन फुनाकोशी या ओकिनावाच्या शाळामास्तरांनी 1922 मध्ये तोक्योत कराटेची प्रात्यक्षिकं दाखवली आणि 1924 मध्ये आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. म्हणजे कराटेतला काळा पट्टा अजून एकशेदहा वर्षांचाही झालेला नाही.

आणि ते पिवळे, केशरी, हिरवे, निळे? ज्यांच्यासाठी आपण ग्रेडिंगच्या फिया भरतो आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो? रंगीत पट्ट्यांचं श्रेय दिलं जातं मिकिनोसुके कावाइशी या ज्यूदोशिक्षकाला, गाव पॅरिस, काळ 1930 चं दशक. युरोपातल्या शिष्यांना पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची लांबलचक वाट सोसवेना, म्हणून मधे मधे रंगांचे थांबे. थोडक्यात, ‘प्राचीन जपानी परंपरा’ म्हणून आपण जे मिरवतो ते फ्रान्सहून आलेलं आहे, आपल्याकडे बटाटा दक्षिण अमेरिकेतून आला तसं. उपासालाही चालतो, तक्रार कशाची?

पायऱ्यांचा हिशेबही उलटा. क्यू दहावरून किंवा नऊवरून सुरू होतात आणि एकपर्यंत उतरतात. तिथून दान एकापासून वर चढतात. पहिल्या दानला म्हणतात ‘शोदान’, म्हणजे सुरुवातीची पायरी. चार-पाच वर्षं घाम गाळून काळा पट्टा मिळवायचा आणि मग कळायचं की आता खरी सुरुवात.

शून्याचा हात

नावाची कथा तर आपल्या अंगणातच येऊन पोचते. पूर्वी ‘कराटे’ लिहिताना जे चिन्ह वापरत, त्याचा अर्थ ‘चिनी हात’ असा होता. मग फुनाकोशी आणि इतरांनी तोच उच्चार ठेवून चिन्ह बदललं, अर्थ झाला ‘रिकामा हात’. 25 ऑक्टोबर 1936 ला ओकिनावातल्या नाहा शहरात तिथल्या बुजुर्गांची बैठक झाली आणि तिनं या नव्या नावावर शिक्का मारला. ओकिनावात आता तोच कराटे दिन.

आणि हे रिकामं चिन्ह कुठलं? बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना ‘शून्य’ आणि ‘शून्यता’ या शब्दांसाठी वापरलं गेलं तेच. फुनाकोशींनी नाव बदलण्याच्या कारणांत ही शून्यतेची कल्पना स्वतः मांडली होती. तेव्हा कराटेला हवं तर शून्यहस्त म्हणा. ‘दोजो’चंही तसंच. जपानी आखाड्याचं हे नाव मुळात ‘बोधिमंड’ या संस्कृत शब्दाचं भाषांतर. बोधिमंड म्हणजे बुद्धाला जिथं ज्ञान झालं ती जागा. आमच्या हॉलखालच्या दुकानात पीव्हीसीचे पाइप मिळतात, पण शब्द मोठाच.

गोजू-र्‍यू या शैलीतली एक वरची काता आहे ‘सुपारिंपेई’. नावाचा अर्थ एकशे आठ. जपमाळेतले मणी मोजणाऱ्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. तिच्या आधी शिकायच्या कातांपैकी दोघींच्या नावांचे अर्थ अठरा आणि छत्तीस.

कांचीपुरमच्या बोधिधर्म नावाच्या राजपुत्रानं चीनच्या शाओलिन मठात ही विद्या नेली, असंही ऐकाल. आमच्या टिन फॅक्टरीवरून जाणारा ओल्ड मद्रास रोड कांचीच्याच दिशेला जातो, त्यामुळे ही कथा खरी असावी असं मला फार वाटतं. इतिहासकार मात्र मान हलवतात. बोधिधर्माचा व्यायामाशी संबंध जोडणारा ग्रंथ त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिला गेला.

अण्णांचा शेरा

माझे सासरे कोल्हापूरचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बेंगळुरूत याचा उपद्रव असा की रस्त्यात कुणीही रिक्षावाल्याला ‘अण्णा’ म्हणून हाक मारली की हे वळून बघतात. लहानपणी तालमीत लाल माती अंगाला लावलेला माणूस. एक दिवस प्लास्टिकची खुर्ची टाकून हॉलच्या दाराशी बसले.

मास्टरांनी भिंतीकडचं सामान काढलं. लाकडी दांडक्याच्या टोकाला सिमेंटचा गोळा, त्याला म्हणतात ‘ची-इशी’. अण्णा म्हणाले, “मुद्गलच की.” मातीचे वाळू भरलेले रांजण, ते नुसत्या बोटांच्या पकडीत काठाशी धरून चालायचं. अण्णा म्हणाले, “पंजाची ताकद. आमच्यात करेल फिरवायचो.” मग आला ‘माकिवारा’, टोकाला पेंढ्याची दोरी गुंडाळलेली रोवलेली फळी. तिच्यावर रोज ठोसे मारायचे. अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “मल्लखांबाला मिठी तरी मारता येते.”

‘किबा दाची’ म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून उभं राहणं. ते पाहून त्यांना शाळेतली खुर्चीची शिक्षा आठवली. “आम्हाला फुकट मिळायची,” म्हणाले. आणि गुडघे मोडून टाचांवर बसायचं ‘सेइझा’, ते तर वज्रासनच.

अण्णांचं मन राखायला नव्हे, खरंच सांगते. बेंगळुरूच्या जुन्या पेटेत कन्नड तालमी होत्या, काही अजून आहेत. त्यांना म्हणतात ‘गरडी मने’. तीच लाल माती, तसाच हनुमान. म्हैसूरच्या दसऱ्यात वज्रमुष्टीची लढत होते. जेट्टी मल्ल मुठीत काटेरी आयुध धरून उतरतात आणि पहिलं रक्त दिसलं की लढत थांबते. हे ऐकून आमच्या क्लासमधली हातमोजे घालून कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, खेळणारी मुलं काही क्षण एकदम शहाण्यासारखी उभी राहिली.

झाडूवाले आजोबा

आमच्याकडे क्लास संपला की मुलं ओल्या फडक्यानं फरशी पुसतात. पहिल्या आठवड्यात एका पालकांनी तक्रार केली, आम्ही फी यासाठी भरतो का? त्यांना फुनाकोशींची गोष्ट सांगायला हवी होती.

तोक्योत आल्यावर या माणसाकडे पैसे नव्हते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ते राहिले आणि त्या बदल्यात पहारा, बागकाम, झाडलोट, सगळं केलं. एकदा फाटकाशी झाडत असताना एक पत्रकार आला आणि विचारू लागला, कराटेचे गुरू फुनाकोशी कुठे भेटतील? फुनाकोशींनी त्याला थांबायला सांगितलं, धावत वर गेले, झाडू ठेवला, चांगला किमोनो चढवला, खाली आले आणि मीच फुनाकोशी म्हणून ओळख करून दिली. ही हकिगत त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

या माणसाच्या आणखी दोन गोष्टी सांगायचा मोह आवरत नाही. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण तेव्हाच्या नव्या नियमानं डोक्यावरची शेंडीवजा गाठ कापावी लागणार होती आणि घरच्यांना ते मान्य नव्हतं. वैद्यकी हुकली ती केसापायी. पुढे शिक्षक व्हायला मात्र ती कापलीच. दुसरी गोष्ट, तेक्की नावाच्या तीन काता आहेत, फक्त डाव्या-उजव्या बाजूला सरकायच्या, घोडा घालून. त्या तीन शिकण्यात त्यांची दहा वर्षं गेली. आमच्या बिल्डिंगमध्ये एक जण मुलाला ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’ मिळवून देणारा क्लास शोधतोय.

फुनाकोशी कविता लिहीत, टोपणनाव ‘शोतो’, म्हणजे पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याच्या लाटा. शिष्यांनी त्यांच्या दोजोवर ‘शोतोकान’ अशी पाटी लावली, कान म्हणजे दालन. जगभर पसरलेल्या शैलीचं नाव एका कवीच्या टोपणनावावरून पडलं. मूळ वास्तू 1945 च्या बॉम्बवर्षावात जळाली.

कराटे किंग आणि 22 जून

बेंगळुरूच्या रिक्षांच्या मागे एका दाढीवाल्या देखण्या तरुणाचं चित्र दिसतं. तो शंकर नाग. 1980 च्या ‘ऑटो राजा’नं तो रिक्षावाल्यांचा देव झाला आणि पडद्यावरच्या मारामाऱ्यांनी कन्नड प्रेक्षकांचा ‘कराटे किंग’. एकदा रिक्षावाल्यानं माझ्या पिशवीतला पांढरा पट्टा पाहिला, आरशातून चित्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “ते आमचे सर.” मजा अशी की या कराटे किंगनं कराटेचं रीतसर शिक्षण घेतलंच नव्हतं, असं सांगतात.

मराठी वाचकानं यापुढचं नीट ऐकावं. होन्नावरकडचा हा मुलगा मुंबईत येऊन मराठी रंगभूमीवर घडला. चापेकर बंधूंवरचा ‘22 जून 1897’ हा मराठी चित्रपट 1979 चा, त्याच्या लेखनात शंकर नाग सहभागी होते. त्याच्या आदल्या वर्षी गिरीश कार्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’त ते भाडोत्री योद्धा झाले होते. तो सिनेमा म्हणजे कुरोसावाच्या सामुराईपटांना कार्नाडांनी केलेला मुजरा. म्हणजे जपान, कर्नाटक आणि दादर-गिरगाव हे एकाच माणसात आले. पुढे ‘मालगुडी डेज’ही त्यांचंच. 30 सप्टेंबर 1990 ला दावणगेरेजवळ मोटार अपघातात गेले, तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. त्यांच्या नावाचं ‘रंगशंकरा’ नाट्यगृह त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी 2004 मध्ये जे. पी. नगरात उभं केलं. तिथं मराठी नाटक लागलं की आम्ही जातो, अख्खं बेंगळुरू ओलांडून.

पटापट

मास ओयामा या क्योकुशिन शैलीच्या जनकानं नुसत्या हातांनी बैलांशी झुंजी घेतल्या. आकडा बावन्न सांगतात. आमच्याकडे पोळ्याला बैलाला पुरणपोळी देतात. अण्णांनी ओयामांना नापास केलं.

‘कराटे किड’ या 1984 च्या चित्रपटातल्या मियागी आजोबांना नाव मिळालं ते गोजू-र्‍यूचे संस्थापक चोजुन मियागी यांच्यावरून.

शोतोकानच्या दोजोत पाच नियम मोठ्यानं म्हणतात आणि प्रत्येकाची सुरुवात ‘हितोत्सु’, म्हणजे ‘एक’ अशी. पहिला, दुसरा, तिसरा नाहीच. पाचही पहिलेच. वारसदारांची यादी करताना आपल्याकडे हे वापरायला हरकत नाही.

ऑलिंपिकमध्ये कराटे एकदाच आलं, तोक्योत, 2021 मध्ये. पुरुषांच्या कातात सुवर्ण मिळवलं ओकिनावाच्याच र्‍यो कियुनानं. पॅरिसला 2024 मध्ये खेळ गायब. पट्ट्यांना रंग देणाऱ्या गावानंच दार लावलं.

ठोशाबरोबर पोटातून काढायची आरोळी म्हणजे ‘किआई’. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून भलतंच निघालं. गाव महादेवपुरा, रक्त मराठी. पुढचं तुम्हीच ओळखा. मास्टर हसले आणि म्हणाले, “जोर छान आहे. इन्नोंद सल.”

जायचं असेल तर

पहिल्या दिवशी पोशाख विकत घेऊ नका. ट्रॅकपँट आणि टी-शर्ट चालतो. महिनाभर टिकलात तर घ्या, आणि एक माप मोठा घ्या, कारण सुती कापड पहिल्या दोन धुण्यांत आटतं. टँकरच्या जड पाण्यात पांढरा रंग टिकत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं, आमच्या सोसायटीचा टँकर अजून येतोच. शेवटच्या पाण्यात दोन थेंब उजाला टाका.

आधी एक तास नुसतं बसून क्लास बघा. मास्टर लहान मुलांच्या चुका कशा दुरुस्त करतात तेवढंच पाहिलं तरी पुरे. ग्रेडिंग किती महिन्यांनी होतं, त्याची फी वेगळी किती आणि प्रमाणपत्रावर कुठल्या संघटनेचा शिक्का असतो, हे नाव घालण्याआधी विचारा. भारतात कराटेच्या संघटना पुष्कळ आहेत आणि त्यांची भांडणंही पुष्कळ. गुडघा दुखत असेल तर मास्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, लाजू नका. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून पिशवीत ठेवा.

आणि नखं कापून जा. हाताचीही, पायाचीही. माझी वाढलेली होती, आणि सेंपाईंनी मला सगळ्यांसमोर रांगेबाहेर काढलं.